गाणं खरं, पाटी खोटी

भाईंदरला खाडीच्या बाजूला राहणाऱ्या माणसाने कॅसेटी जपून ठेवायच्या गोष्टी करू नयेत. पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की फितीवर पांढरी बुरशी धरते आणि आतल्या कव्हराचा कागद डबीला चिकटून बसतो. म्हणून आमच्या घरातली गाणी संगणकावर आली. पडदा फुटलेला एक जुना लॅपटॉप टीव्हीमागे उभा केला, त्यावर संगीताचा सर्व्हर चढवला आणि घरातल्या वायफायवर कुणीही आपापल्या फोनवरून हवं ते लावावं अशी सोय झाली. सासरेबुवांच्या कॅसेटी, आमच्या सीड्या, विकत घेतलेली डिजिटल गाणी, नातेवाइकांनी प्रेमाने हातात ठेवलेले पेनड्राइव्ह, असं सगळं त्यात गेलं. आवाजाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती पडद्यावर दिसणाऱ्या नावांची आणि चित्रांची. माणिक वर्मांच्या भावगीतावर कुठल्याशा गिटारवाल्या टोळक्याचा फोटो, आणि अभंगांच्या अल्बमचं नाव ‘ट्रॅक ०४’. नेव्हिड्रोम, जेलीफिन, प्लेक्स असे तीन सर्व्हर मी आलटून पालटून वापरले. प्रत्येकाच्या तऱ्हा वेगळ्या, दुखणी मात्र बहुतेक तीच.

१. आधी चूक कुठे बसली आहे ते बघावं

चुकीचं कव्हर चार ठिकाणी दडलेलं असू शकतं: फाइलच्या पोटात, फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे, सर्व्हरने स्वतःकडे करून ठेवलेल्या साठ्यात, किंवा फोनमधल्या ॲपच्या आठवणीत. बहुतेक लोक थेट सर्व्हरचं ‘रिफ्रेश’ दाबत बसतात. दहा वेळा दाबलं तरी फाइलच्या पोटातली चूक जात नाही.

माझा क्रम ठरलेला आहे. गाणं आधी सर्व्हरशिवाय, साध्या प्लेअरमध्ये उघडायचं. तिथेही भलतंच चित्र दिसलं तर दोष फाइलचा किंवा फोल्डरचा. फाइल उचलून एका रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि पुन्हा बघायचं. चित्र गेलं तर ते फोल्डरमधलं होतं, राहिलं तर फाइलमधलं. साध्या प्लेअरमध्ये सगळं ठीक आणि सर्व्हरवर चूक, असं असेल तर ब्राउझरच्या खासगी खिडकीतून सर्व्हर उघडायचा. तिथे चित्र बरोबर आलं तर सर्व्हर निर्दोष, फोनचं ॲप जुनं चित्र धरून बसलंय. ॲपची कॅश पुसली की काम झालं. ही तपासणी चहा गाळेपर्यंत होते आणि पुढची अर्धी दुपार वाचवते.

२. सीडीला स्वतःचं नाव माहीत नसतं

हे ऐकून आमच्याकडे पाहुण्यांना नेहमी आश्चर्य वाटतं. ‘सीडी-टेक्स्ट’ची सोय असलेल्या थोड्या तबकड्या सोडल्या तर संगीताच्या सीडीवर गाण्यांची नावं नोंदलेलीच नसतात. असतात ती फक्त गाणी आणि ती कुठे सुरू होतात त्याच्या जागा. मग संगणकात सीडी घातली की नावं येतात कुठून? १९९३ साली सुरू झालेल्या सीडीडीबी नावाच्या कोशाने एक युक्ती काढली: गाण्यांच्या सुरुवातीच्या जागा आणि एकूण लांबी यांवरून एक आकडा तयार करायचा आणि त्या आकड्यापुढे कुणीतरी टंकलेली नावं उतरवून घ्यायची. दोन वेगळ्या तबकड्यांचा आकडा जुळला की एकीची नावं दुसरीला चिकटतात. तुमच्या अभंगांच्या सीडीला जर्मन नाचगाण्यांची नावं लागली असतील तर त्यामागे बहुतेक हेच असतं. शिवाय ती नावं टंकणारा माणूस तुमच्याआमच्यासारखाच, घाईत असलेला, स्पेलिंगची पर्वा नसलेला.

या बाबतीत जुने लोक अधिक शहाणे होते. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावं म्हणून गाणं संपताना गौहर जान स्वतःच इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या. नाव गाण्यातच कोरलेलं! त्याला कुठला सर्व्हर बदलणार?

३. नाव एक, अल्बम दोन: सगळ्यात चिवट दुखणं हेच

‘कट्यार काळजात घुसली’ घ्या. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आलं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. २०१५च्या दिवाळीत त्यावर सुबोध भावेंचा चित्रपट आला. त्यात अभिषेकीबुवांच्या काही चाली राहिल्या, काही नवी गाणी शंकर-एहसान-लॉय यांची आली, आणि खाँसाहेबांसाठी गायले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. आता यंत्राच्या जागी बसून बघा. अल्बमचं नाव तेच. कितीतरी गाण्यांची नावं तीच. गायकाचं आडनावही तेच. कोशातून कव्हर आणायला गेलेला सर्व्हर काय आणणार? चित्रपटाचं पोस्टर. कारण जाळ्यात सगळीकडे पसरलेलं चित्र तेच आहे.

नाटकाच्या ध्वनिफितीवर चित्रपटाचा फोटो बघून आमच्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे वसंतराव नव्हेत. हा तर शंकर महादेवन.” त्यांनी नाटक पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’च्या काळात बघितलेलं, त्यांना चूक कळायला अर्धा क्षण पुरला. सर्व्हरला कळायला तिथे काही खूणच नव्हती.

इलाज असा. अल्बमच्या नावातच फरक करून टाकायचा: ‘कट्यार काळजात घुसली (नाटक)’ आणि ‘कट्यार काळजात घुसली (चित्रपट, २०१५)’. शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही. त्यांच्या मते आवृत्तीची माहिती वेगळ्या रकान्यात हवी. ती तिथेही भरावी, पण प्रत्येक ॲप तो रकाना दाखवत नाही, नाव मात्र सगळी दाखवतात. दुसरं, दोन्ही अल्बमच्या ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात (त्याविषयी पुढे) फरक ठेवायचा. तिसरं, म्युझिकब्रेन्झ या संगीतकोशाचा क्रमांक फाइलमध्ये शिरलेला असेल तर तो कोणत्या आवृत्तीचा आहे ते तपासायचं. नाव कितीही बदललं आणि तो क्रमांक मात्र चित्रपटाचाच राहिला, तर चित्रपटाचं पोस्टर पुन्हा परत येतं. लोक नाव दुरुस्त करून थकतात आणि क्रमांक बघतच नाहीत.

हीच गत इतरांचीही. ‘अष्टविनायक’ हा १९७९चा चित्रपट, संगीत अनिल-अरुण यांचं. आणि त्याच नावाचे भक्तिगीतांचे अल्बम किती निघाले असतील ते गणपतीलाच ठाऊक. ‘पिंजरा’ मराठीत १९७२चा, राम कदमांच्या चालींचा, आणि शांताराम बापूंनी तो हिंदीतही केला. उलटंही होतं: जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ मराठीत, तर हिंदीत तोच ‘सुबह’. नावात ‘संत’, ‘पंढरी’ किंवा ‘गणेश’ असलेल्या अल्बमला आपोआप कव्हर आणायला तर मी कधी सांगतच नाही.

४. ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा ठेवू नये

गीतरामायण सर्व्हरवर चढवून बघा, म्हणजे या रकान्याचं महत्त्व कळेल. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, १९ एप्रिल १९५६ला संपलं. माडगूळकरांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत. नभोवाणीवर ती गायली अनेकांनी: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक, बबनराव नावडीकर. पुढे बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, सगळी गीतं स्वतःच्या आवाजात दिली. नभोवाणीची आवृत्ती सर्व्हरवर टाकली आणि ‘अल्बम आर्टिस्ट’ कोराच राहिला, तर बरेच सर्व्हर गायकागणिक वेगळा अल्बम करतात. एका रामायणाचे डझनभर तुकडे, प्रत्येकावर वेगळं चित्र किंवा चित्रच नाही.

‘आर्टिस्ट’ म्हणजे घरात राहणारी माणसं, ‘अल्बम आर्टिस्ट’ म्हणजे दारावरची पाटी. माणसं कितीही असोत, पाटी एकच लागते. नभोवाणीच्या आवृत्तीवर मी ‘सुधीर फडके, ग. दि. माडगूळकर’ अशी पाटी लावली आणि बाबूजींच्या आवृत्तीवर फक्त ‘सुधीर फडके’. दोन्ही संच आता अखंड दिसतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. वेगवेगळ्या कलाकारांचे ‘निवडक भावगीतं’ छापाचे संग्रह असतील तर ‘विविध कलाकार’ लिहावं आणि टॅग-संपादकातली, म्हणजे फाइलीतली ही माहिती बदलायच्या सॉफ्टवेअरमधली, ‘कंपायलेशन’ची खूण करावी.

संच अनेक कॅसेटींचा किंवा तबकड्यांचा असेल तर ‘डिस्क नंबर’ही भरायचा. नाहीतर पहिल्या क्रमांकाची सगळी गाणी एकामागोमाग लागतात आणि रामजन्माआधी लंकादहन होतं. सालाचंही भान ठेवावं. नेव्हिड्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत अल्बमची ओळख ठरवताना प्रकाशनाची तारीखही धरली जाते. अर्ध्या गाण्यांवर १९९५ आणि अर्ध्यांवर २००२ असेल तर अल्बमचे दोन तुकडे पडतात.

५. वसंत किती?

मराठी संगीतातल्या वसंतांनी कुठलाही कोश चक्रावून जावा. वसंत प्रभू संगीतकार, वसंत पवार संगीतकार, वसंत देसाई संगीतकार. वसंतराव देशपांडे गायक. वसंत निनावे गीतकार. आणि वसंत अवसरे हेही गीतकार, फक्त ते अस्तित्वात नाहीत: शांता शेळक्यांनी घेतलेलं ते टोपणनाव. पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलींत ‘संगीत: वसंत’ एवढंच असलं तर काय करायचं?

चित्रपटाचं नाव ठाऊक असेल तर उत्तर सापडतं. ‘सांगत्ये ऐका’ असेल तर पवार, ‘श्यामची आई’ असेल तर देसाई. भावगीत असेल आणि लता किंवा आशाबाई असतील तर मी आधी प्रभूंकडे बघते, मग खात्री करून घेते. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर गीत, संगीत, स्वर, चित्रपट आणि पुष्कळदा रागसुद्धा वेगवेगळे नोंदलेले असतात; मराठी गाण्यांसाठी माझी पहिली खेप तिथेच असते.

टोपणनावांचा प्रश्न निराळा. ‘आनंदघन’ म्हणजे लता मंगेशकर. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ यांचं संगीत त्यांनी या नावाने दिलं. आमच्या महापालिकेच्या, दहिसर चेकनाक्याजवळच्या नाट्यगृहाला लताबाईंचं नाव आहे. आनंदघनाच्या नावाचं नाट्यगृह काही कुणी बांधणार नाही. मग ‘साधी माणसं’च्या संगीतकाराच्या रकान्यात काय लिहावं? मी आनंदघनच लिहिते. ज्या नावाने काम लोकांपुढे आलं ते नाव पुसायचा अधिकार मला नाही. म्युझिकब्रेन्झमध्ये ही सोय चांगली केली आहे: व्यक्ती एकच ठेवून त्या त्या कामावर छापलेलं नाव वेगळं दाखवता येतं. सी. रामचंद्र गायला उभे राहिले की चितळकर होत. तिथेही हाच न्याय.

उरल्या स्पेलिंगच्या गमती. फडके रोमन लिपीत तीन प्रकारे तरी लिहिले जातात. ‘पंडित’, ‘पं.’ आणि काहीच नाही असे भीमसेन जोशी तीन कलाकार म्हणून उभे राहतात. पु. लं.च्या आद्याक्षरांमधली रिकामी जागा असली-नसली तरी दोन पु. ल. तयार होतात. माझ्याकडे नावांची एक साधी वही आहे. एका व्यक्तीचं एकच रूप त्यात लिहिलेलं. नवीन अल्बम आला की आधी वही, मग टॅग. पदव्या मी काढून टाकते. त्यात अनादर नाही. ‘प’ अक्षराखाली अर्धं शास्त्रीय संगीत गोळा झालं की कुणीच सापडत नाही.

जोड्यांच्या नावांकडेही लक्ष असावं. अर्धविराम किंवा तिरकी रेघ दिसली की काही सर्व्हर नाव तोडून दोन कलाकार करतात. अजय-अतुल यांच्यात आडवी रेघ असल्यामुळे ते वाचतात. एखाद्याने हौसेने तिरकी घातली की भावंडं वेगळी झाली.

६. देवनागरीचे घोटाळे डोळ्यांना दिसत नाहीत

सर्वांत जास्त डोकं इथे खर्च होतं. एमपी३ फाइलीत माहिती ठेवायची पहिली पद्धत, आयडी३ची पहिली आवृत्ती, १९९६ची. फाइलीच्या शेपटीला १२८ बाइट, त्यात गाण्याच्या, गायकाच्या आणि अल्बमच्या नावाला प्रत्येकी ३०. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं आणि काना-मात्रा-हलन्त वेगळे मोजले जातात. तेव्हा या शेपटीत कुणी देवनागरी कोंबली तर ‘कट्यार काळजात घुसली’चं ‘कट्यार काळ’ एवढंच उरतं आणि पुढे एक तुटका चौकोन. नावं अशी मध्येच तोडलेली दिसली की समजावं, सर्व्हर जुनी शेपटी वाचतोय. ती पुसून टाकायची आणि दुसऱ्या पिढीचा टॅग लिहायचा. २.३ आवृत्तीत देवनागरी यूटीएफ-१६मध्ये बसते, २.४मध्ये यूटीएफ-८ चालतं. गाडीतल्या काही जुन्या स्टिरिओंना २.४ वाचता येत नाही, म्हणून मी २.३वर थांबले.

दुसरा घोटाळा: नावाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’, मग चार पाय फुटलेलं चलनाचं चिन्ह, पुन्हा तोच ‘ए’, अशी रांग. हे अगम्य दिसतं पण बहुधा बरं होणारं आहे. मूळ अक्षरं शाबूत असतात. वाचणाऱ्याने त्यांना पाश्चात्त्य लिपी समजून वाचलेलं असतं. एमपी३टॅगसारख्या संपादकात कोडपेज बदलायची सोय आहे, ती वापरली की नावं उगवतात. प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर मात्र हात टेकावेत. तिथे अक्षरं कायमची गेली. आणि इंग्रजी अक्षरांची अर्थहीन जुळवाजुळव दिसली तर ती युनिकोडच्या आधीच्या एखाद्या मराठी फॉण्टमध्ये टंकलेली असते. ती उलगडत बसण्यापेक्षा पुन्हा टंकणं लवकर होतं.

तिसरा घोटाळा खास मराठी. पु. लं.चं ‘वाऱ्यावरची वरात’ माझ्या सर्व्हरवर दोनदा दिसत होतं. अर्धं इथे, अर्धं तिथे. नाव तेच, पाटी तीच, साल तेच. कितीही निरखून बघा, फरक नाही. कारण होतं ‘ऱ्य’. हे जोडाक्षर दोन प्रकारे टंकता येतं: एक, मराठीसाठी वेगळं ठेवलेलं ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त लावून, दुसरं, साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य सांधा घालून. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. एका कीबोर्डवर टंकलेली गाणी एकीकडे, दुसऱ्यावरची दुसरीकडे. तऱ्हा, दऱ्या, वारी-वाऱ्या असलेल्या प्रत्येक नावात हा धोका आहे. यावर उपाय डोळ्यांनी शोधण्याचा नाही. एका गाण्याचं अल्बमनाव कॉपी करायचं, अल्बममधली सगळी गाणी एकदम निवडायची आणि सर्वांवर तेच चिकटवायचं. दिसायला काहीच बदलत नाही, पण वरात एकत्र येते.

लिपी कोणती ठेवावी यावर आमच्या घरात वाद झाला. लेकीला रोमन हवी, शोधायला सोपी म्हणून. सासूबाईंना देवनागरी. शेवटी दिसायला देवनागरी आणि क्रम लावण्यासाठी जो ‘सॉर्ट’चा रकाना असतो त्यात रोमन, असा तह झाला. अर्धी नावं या लिपीत आणि अर्धी त्या, असं मात्र कधीच ठेवू नये.

७. ‘डाउनलोड’ नावाच्या फोल्डरात गाणी ठेवू नयेत

नेव्हिड्रोम मूळच्या मांडणीनुसार कव्हर शोधताना आधी फोल्डरमधली ‘कव्हर’, ‘फोल्डर’, ‘फ्रंट’ या नावांची चित्रं बघतो आणि मग फाइलच्या पोटातलं. सगळी गाणी एकाच फोल्डरात ओतलेली असतील आणि तिथे ‘कव्हर’ नावाचं एक चित्र चुकून पडलेलं असेल, तर सगळ्या अल्बमना तेच. पन्नास अल्बमवर एकच चेहरा दिसला की कारण हे. प्रत्येक अल्बमला वेगळा फोल्डर, त्यात एकच चित्र. किंवा सेटिंगमध्ये क्रम फिरवून पोटातलं चित्र आधी.

फुकट गाण्यांच्या संकेतस्थळांवरून आलेल्या फाइलींत त्या संकेतस्थळाचाच बिल्ला कव्हर म्हणून चिकटवलेला असतो. गायकाच्या, अल्बमच्या, अगदी शेऱ्याच्या रकान्यातही त्यांचं नाव. अशा फाइलीत पुष्कळदा दोन चित्रं असतात, एक ‘पुढचं कव्हर’ म्हणून आणि एक ‘इतर’ म्हणून. आपण एक बदलतो आणि प्लेअर दुसरं दाखवतो. आधी सगळी चित्रं काढावीत, मग एकच घालावं.

८. सर्व्हरला गाण्यांच्या फोल्डरात लिहू देऊ नये

जेलीफिनमध्ये आणलेली चित्रं गाण्यांच्या फोल्डरमध्येच साठवायचा एक पर्याय असतो. तो चालू असेल तर आपोआप आणलेलं चुकीचं कव्हर तुमच्या फोल्डरात कायमचं उतरतं आणि पुढच्या वेळी तेच ‘घरचं’ म्हणून वाचलं जातं. सर्व्हर बदलला तरी चूक सोबत येते. मी तो फोल्डर सर्व्हरला फक्त वाचायला दिला आहे. बदल करायचे ते माझ्या हाताने, टॅग-संपादकातून, आणि मोठ्या दुरुस्तीआधी सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर.

९. बदल केला तरी सर्व्हरला पत्ता नसतो

एमपी३टॅगमध्ये टॅग बदलताना फाइलची जुनी तारीख तशीच ठेवायची एक खूण आहे. ती चालू असेल तर झटपट तपासणी करणारा सर्व्हर फाइल बदललीच नाही असं समजतो. खूण काढावी किंवा पूर्ण तपासणी लावावी. एकाच एमपी३मध्ये दोन पिढ्यांचे आयडी३ आणि वर एपीई टॅग असे तीन संच असू शकतात. संपादक एक बदलतो, सर्व्हर दुसरा वाचतो. नको ते संच उडवले की हा भुताटकीचा प्रकार थांबतो.

१०. ध्वनीचा ठसा रेकॉर्डिंग ओळखतो, गाणं नाही

पिकार्ड हे सॉफ्टवेअर गाण्याच्या आवाजाचा ठसा काढून ‘अ‍ॅकॉस्टआयडी’च्या साठ्यात शोधतं आणि म्युझिकब्रेन्झमधून नावं आणतं. जादू वाटावी असं काम आहे. पण तो ठसा कुणीतरी आधी तिथे ठेवलेला असावा लागतो. इंग्रजी अल्बम टाकला की भराभर हिरव्या खुणा येतात. पुण्याच्या अलूरकरांच्या कॅसेटीवरून उतरवलेलं नाट्यगीत टाकलं की बहुतेक वेळा शांतता. खासगी मैफिलीचं तर नावच नको. आणि ठशापुढे कुणी चुकीचं नाव टंकलेलं असेल तर तीच चूक तुमच्या घरी ऐटीत येते.

सुमन कल्याणपुरांच्या बाबतीत हे वारंवार दिसतं. त्यांची कितीतरी गाणी फाइलींमध्ये लता मंगेशकरांच्या नावावर चढलेली असतात. आवाज जवळचे, आणि टंकणाऱ्याने खात्री करायची तसदी घेतलेली नाही. इथे माझं यंत्र म्हणजे सासूबाई. त्यांना गाण्याची पहिली ओळ पुरते. “आई, हे लताबाईंचं आहे का?” विचारलं की भाजी निवडताना मान न उचलता सांगतात, “सुमन. शेवटचा स्वर ऐक, कसा सोडलाय.” तरी मी छापील कव्हरावरून खातरजमा करते. त्यांना ते आवडत नाही. पण एकदोनदा कव्हर खोटं आणि त्या खऱ्या निघाल्यापासून माझ्या तपासण्यांकडे त्या करुणेने बघतात.

त्यांच्याचमुळे मी आणखी एक रकाना भरायला लागले. नभोवाणीवर गाणं लागायचं तेव्हा निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिघांची नावं घ्यायचा. फोनच्या पडद्यावर एकच नाव दिसतं, गायकाचं. खळे, देव, प्रभू, खेबूडकर, महानोर कुठेच नाहीत. आयडी३च्या दुसऱ्या पिढीत संगीतकाराला आणि गीतकाराला स्वतंत्र जागा राखलेली आहे, फक्त कुणी भरत नाही. नेव्हिड्रोमच्या नव्या आवृत्त्या त्या वाचतात. आता ‘महानोर’ शोधलं की ‘जैत रे जैत’ वर येतं.

११. जे कुठल्याच कोशात नाही, त्याचे टॅग घरीच घडवावे लागतात

उत्तनच्या एका ओळखीच्या काकूंनी एक कॅसेट उतरवून मागितली. त्यांच्याकडच्या लग्नातली गाणी. लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायची ‘उमराचं पाणी’ ही रीत तिथल्या ख्रिस्ती घरांमध्ये आहे, त्या वेळी बायकांनी म्हटलेली. कोरी कॅसेट, वर बॉलपेनने लिहिलेलं आणि निम्मं पुसलेलं एक आडनाव. ठसा, कोश, कव्हर, काहीच उपयोगाचं नव्हतं.

कव्हर सोपं होतं: कॅसेटच्याच पट्टीचा फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढला, चौकोनी कापला, हजार गुणिले हजार ठिपक्यांवर आणला. त्याहून मोठं चित्र प्रत्येक फाइलीत घालून उपयोग नाही, नुसती जागा खातं. सालासाठी विचारलं तर काकू म्हणाल्या, “धाकटी तेव्हा पोटात होती,” आणि तेवढ्यावर साल निघालं. अल्बमच्या नावात मी रीत आणि गाव दोन्ही घातली. राहिला ‘अल्बम आर्टिस्ट’. गाणाऱ्या दहा-बारा जणी. एकीचं नाव पुढे घालावं का विचारलं तर काकू घाबरल्याच. “नको गं बाई, बाकीच्या बोलणार नाहीत माझ्याशी.” म्हणून पाटीवर ‘उत्तनच्या बायका’ आणि प्रत्येक गाण्याच्या शेऱ्याच्या रकान्यात ओळखू आलेली नावं, त्या सांगतील त्या क्रमाने.

तिसऱ्या गाण्यात पुढे कोण गातेय यावर काकूंचं आणि त्यांच्या जावेचं एकमत नाही. दोघी मिळून ऐकायला येणार आहेत. तोवर त्या गाण्याचा शेरा कोरा ठेवला आहे.